औंदा डबल!

आप्पाशेठना ‘कसं काय?’ असं सहज विचारायचीही सोय नाही. दुसरा कोणी असता तर गुडघे सांगितले असते, पोराची नोकरी सांगितली असती, निदान ‘चाललंय’ म्हणून आपलीही सुटका केली असती. आप्पाशेठ हातातली सोल्डरगन स्टँडवर ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, “औंदा डबल शे भो!”

हे ‘औंदा’ कुठलं, ते विचारायचं नाही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून प्रत्येक औंदा डबलच होता. नोटाबंदीचं साल डबल, जीएसटी आला ते साल डबल, गल्लीत गटाराचं काम निघून चार महिने टेम्पो आत येत नव्हता ते सालही डबल. एका वर्षी मी मुद्दाम जूनमध्ये विचारलं. तेव्हा लग्नं संपलेली असतात, गणपती लांब असतो आणि ध्वनिक्षेपकाच्या धंद्यात माशा मारायलाही माणूस परवडत नाही. आप्पाशेठ क्षणभर थांबले. मग म्हणाले, “सर, मागल्या जूनपेक्षा डबल.”

सुरतेत उधना ओलांडून डिंडोलीकडे वळलं की नवागाम लागतं. दुकानांच्या पाट्या गुजराती, रिक्षातली गाणी हिंदी, आणि ओट्यावर चाललेली भांडणं अस्सल अहिराणी. धुळे, नंदुरबार, जळगावकडून लूमच्या खात्यात कामाला आलेल्या माणसांनी इथे घरं बांधली, महापालिकेच्या मराठी शाळा भरवल्या, आणि श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक अशी काढली की अमळनेरच्या पाहुण्याने तोंडात बोट घालावं. आप्पाशेठ त्यातलेच. ‘आप्पा’ हे गावाहून आलेलं, ‘शेठ’ हे सुरतेने चिकटवलेलं. सुरतेत चहाची टपरी टाकली तरी माणूस शेठ होतो, यांचा तर कारखाना आहे. म्हणजे ते कारखाना म्हणतात, वहिनी ‘खालची खोली’ म्हणतात.

या खालच्या खोलीत ॲम्प्लिफायर बनतात आणि डीजेवाल्यांची बेसची खोकी तयार होतात. पाटीवर ‘मॅन्युफॅक्चरर’ लिहिलंय आणि ब्रँडला मोठ्या मुलीचं नाव दिलंय, मागे ‘ट्रॉन’ लावून. धाकटीने रुसून बसू नये म्हणून तिच्या नावाचा मिक्सर काढला. तो फारसा खपला नाही, पण बंदही करता येत नाही.

माल मात्र चोख. आप्पाशेठ बारा तास लूमवर उभे राहिलेले, रात्री रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात फुकट राबून शिकलेले. सुरुवातीला ४४४० आयसीचे छोटे बोर्ड केले. त्यातला ‘डबल आयसी’ बोर्ड चांगला गेला, आणि मला वाटतं डबल या शब्दाची गोडी त्यांना तिथेच लागली असावी. पुढे मोठे ॲम्प्लिफायर आले. त्यांत ट्रान्झिस्टरची जी जोडी लागते तिला सगळा बाजार ‘बावन्नशे-एकोणीसत्रेचाळीस’ म्हणतो. आप्पाशेठ हा आकडा अशा भावाने उच्चारतात की नवख्याला वाटावं कोण्या संताचा जन्म-मृत्यू सांगताहेत. ओरिजनल कुठला आणि डुप्लिकेट कुठला हे ते पायाला नख लावून, वर छापलेली अक्षरं घासून आणि शेवटी नुसता वास घेऊन सांगतात. वासाने सांगितलेलं एकदाही चुकलेलं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे व्यापारी त्यांना बघितलं की खोटा डबा आपणहून खाली ठेवतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

तयार झालेला प्रत्येक सेट सकाळी अकरा-साडेअकराला तपासला जातो. आधी माईकवर दोन टिचक्या, मग ‘फू, फू’, मग ‘च्येक, च्येक, वन टू’. थ्री कधीच येत नाही. दोनपर्यंत आवाज समजतो, तिसऱ्याची वीज का जाळा? मग गाणं. त्या वेळी समोरच्या घरातली मांडणीवरची ताटं आपोआप पुढे सरकतात. समोरच्या काकूंनी मांडणीला पुढून काठी ठोकून घेतली आहे. त्या काकूंना आप्पाशेठच्या धंद्याची सगळ्यात अचूक माहिती असते. ‘आज वाट्या हलल्या, म्हणजे बाराची खोकी. परवा पिंप हललं, तेव्हा अठराची होती.’ बारा, पंधरा, अठरा हे स्पीकरचे इंच आहेत, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

आप्पाशेठचं खरं दैवत मात्र अहुजा. खोलीत गणपती आहे, कानबाईचा फोटो आहे, आणि त्यांच्या शेजारी अहुजाचा एक जुना भोंगा टांगलेला आहे, त्यालाही शनिवारी हार असतो. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची. देवळाच्या शिखरावर, मशिदीच्या मिनारावर, प्रचाराच्या जीपवर आणि शाळेच्या गच्चीवर एकच नाव वर्षानुवर्षं दिसत आलं आहे, ही गोष्ट आप्पाशेठना फार लागते. “सर, झेंडे बदलतात, भोंगा तोच राहतो,” असं ते म्हणतात. याच वेगाने डबल होत राहिलो तर अहुजाला केव्हा गाठू, याचा हिशोब ते दरवर्षी नव्याने मांडतात. उत्तर नेहमी ‘अजून पाच वर्षं’ येतं.

आता हे वर्ष कुठून कुठे मोजायचं, इथे खरी कला आहे. तुमचं-माझं वर्ष एक असतं, आप्पाशेठची पाच आहेत. १ जानेवारी आहेच, कारण उत्तरायण तोंडावर आलेलं असतं आणि सुरतेत १४ जानेवारीला गच्चीवर पतंगाइतकाच स्पीकरही चढवावा लागतो. मग गुढीपाडवा, कारण आपण मराठी. १ एप्रिल, कारण सरकार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कारण आपण खानदेशी. आणि दिवाळीचा पाडवा, कारण सुरतेत राहून चोपडापूजन न करणाऱ्याला उधारीवर तांब्याची तारसुद्धा मिळत नाही. ज्या वर्षाची सुरुवात पडत्या काळात झाली असेल ते वर्ष आप्पाशेठ मोजायला घेतात. आखाजीपासून मोजलं तर गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण, लग्नं सगळी वाढीच्या बाजूला येतात. एकदा म्हणे श्रावणातल्या कानबाईच्या रविवारपासून नवरात्रापर्यंत मोजलं, तेव्हा तिप्पट निघालं. मी म्हटलं, “आप्पाशेठ, हे दोन महिनेच झाले.” ते म्हणाले, “वर्षाचा जीव तेवढाच असतो सर. बाकीचे महिने नुसतं लाइट बिल.”

आणि मार्च २०२० हे तर त्यांना मिळालेलं वरदानच. तोवर बिचारे आदल्या वर्षाशी तुलना करत. त्या साली गणपतीची मिरवणूक नाही, गरबा नाही, लग्नाला वाजंत्री नाही. आप्पाशेठच्या खोलीतली ताटं हलवणारी वस्तू सात-आठ महिने तोंड मिटून बसली. तेव्हापासून आजतागायत सगळी वाढ ‘कोरोनाच्या मानाने’ मोजली जाते. मी हसलो तर त्यांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत देशाचं उत्पन्न २०.१ टक्क्यांनी वाढल्याची ती बातमी होती. खाली, आधीच्या साली त्याच तिमाहीत ते २४.४ टक्क्यांनी घसरलं होतं, असंही होतं. तो भाग घडीत गेला होता. “दिल्लीवाले करतात ते चालतं, नवागामवाल्याने केलं तर हसता?” याला उत्तर नव्हतं.

पुतण्या बी.कॉम. झाला तेव्हापासून या सगळ्याला शास्त्र आलं. त्याने मोबाइलवर एक्सेल उघडून काकांच्या डायरीतले आकडे भरले आणि एक चढती रेघ काढली. ती आता लॅमिनेट होऊन कानबाईच्या खाली लावलेली आहे. रेघ २०१६च्या जवळ एकदा खाली वाकत होती, तिथे नेमका कॅलेंडरचा खिळा आला आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी टेपरेकॉर्डर घेतला असेल त्यांना पीएमपीओ आठवत असेल. मुठीएवढे स्पीकर आणि खोक्यावर छापलेलं ‘पीएमपीओ २००० वॅट’. ही मोजणी कुठल्याही पक्क्या मापाला बांधलेली नव्हती. क्षणभरापुरती, कागदावर, सगळे ग्रह जुळले तर निघू शकेल ती ताकद. रोज तासन्‌तास निघणारी खरी ताकद आरएमएस वॅटमध्ये मोजतात आणि ती खोक्यावर असलीच तर तळाशी, मुंगीच्या अक्षरात. आप्पाशेठ आपल्या मालावर पीएमपीओ छापत नाहीत. तिथे ते फार कडक. हजार वॅट लिहिलं तर हजार वॅट निघणार, दोन तास सलग वाजवून बघा. “मालाचं खोटं बोललो तर डीजेवाला सकाळी दारात उभा.” त्यामुळे सगळा पीएमपीओ वार्षिक वाढीत जातो.

आवाजातली एक मौज त्यांनीच मला शिकवली. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट करावी लागते. शंभर वॅटच्या जागी दोनशे लावले, पैसे दुप्पट घातले, तरी शेजारी एवढंच म्हणणार, “जरा वाढवलं काय रे?” आप्पाशेठच्या घरात त्यांच्या धंद्याचं नेमकं हेच होतं. खाली धंदा डबल होतो, वर वहिनींना ऐकूच येत नाही. त्या जिन्यावरूनच विचारतात, “डबल शे ते पैसा कोठे शे?”

एकदा शाळेत मी घातांकाचा धडा शिकवत होतो. घरी येऊन मीच गंमत म्हणून हिशोब मांडला. समजा २००८ साली वर्षाची उलाढाल दहा लाख होती. तिथून दरवर्षी डबल धरली तर २०२४ पर्यंत सोळा दुपटी होतात, म्हणजे ६५,५३६ पट. दहा लाखांचे होतात साडेसहा हजार कोटींच्या वर. हेडफोन विकणाऱ्या त्या ‘बोट’ कंपनीची २०२२-२३ची विक्री ३,३०० कोटींच्या आसपास होती. आमचे आप्पाशेठ त्यांच्या जवळजवळ दुप्पट! मी कागद घेऊन खालच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा लावून शून्यं मोजली, डोक्यावरचा पंखा करकरत होता त्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “हाव. पन बठा उधारीमा अडकेल शे.”

मग पुतण्याने माहिती पुरवली की त्या बोटवाल्यांनाही त्याच वर्षी शंभर कोटींच्या वर तोटा झाला होता. आप्पाशेठना इतका आनंद मी क्वचितच झालेला पाहिला. दुष्टपणाचा नव्हे, बिरादरीचा आनंद. “बघा सर, विक्री वाढस ना, मग नफा आपोआप जास.” त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

ही वाढ मोजतात कशी, हेही सांगितलं पाहिजे. एक ॲम्प्लिफायर बनला आणि डीजेवाल्या पोराने नेला, की एक विक्री. त्या पोराने ज्याला चार स्पीकर लावायचे त्याला आठ लावले, आउटपुट जाळलं आणि ‘आप्पा, आपोआप बंद पडलं’ म्हणत परत आणला. दुरुस्त करून दिला, दुसरी विक्री. सीझन संपल्यावर पैसे देता येईनात म्हणून तो सेटच ठेवून गेला आणि आप्पाशेठनी तो बारडोलीच्या मंडपवाल्याला दिला, की तिसरी. डबा एकच, ट्रान्सफॉर्मर एकच, वाढ दोनशे टक्के. आमच्या शाळेला १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला माईकचा सेट ते स्वतः आणून लावतात, पैशाचं नाव काढू देत नाहीत. मुख्याध्यापकांनी एकदा बळेच पाकीट दिलं तर रागावून दोन दिवस बोलले नाहीत. पण डायरीत तो सेट पूर्ण भाड्याने चढलेला असतो. फुकट दिलेलाही धंदा वाढतो, असं बहुधा फक्त त्यांच्याच वहीत होत असेल.

माणसागणिक आकडाही बदलतो. सीएच्या ऑफिसात ‘डबल’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. तिथे ते इतक्या हळू बोलतात की सीए खुर्ची पुढे ओढतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत राहायचं तर उलाढाल दीड कोटीच्या आत हवी. आप्पाशेठ त्या दीड कोटीपासून बरेच लांब आहेत, पण धास्ती मात्र कुंपणाला टेकल्याची. बँकेत मुद्रा कर्जाला गेले तेव्हा उलट. पुढच्या तीन वर्षांचा अंदाज लिहा म्हटल्यावर मॅनेजरला आणखी एक कागद जोडून द्यावा लागला. उद्यम नोंदणीत ते ‘सूक्ष्म’ आहेत, हे त्यांना फार झोंबतं. आधी उलाढाल ५ कोटींपर्यंत असली की सूक्ष्म, १ एप्रिल २०२५ पासून सरकारने ती मर्यादा १० कोटी केली. “आपण वाढावं ते सरकार बी वाढवस,” आप्पाशेठ म्हणाले. “हे काय लघु होऊ देत नाहीत.”

सगळ्यात बघण्यासारखे आप्पाशेठ गावी जाताना दिसतात. सुरत-भुसावळ लाइनची गाडी उधन्याला पकडायची. व्याऱ्यापर्यंत ते डब्यातल्या सगळ्यांना वाढ सांगतात. एकदोघांना कार्ड देतात, कोणाच्या भाच्याला ‘ये कारखान्यात, शिकवतो’ म्हणतात, आणि तो भाचा खरोखरच येतो. मग नवापूर येतं. हे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावर एक बाक आहे, त्यावर दोन राज्यांची नावं आहेत. मी शपथेवर सांगतो, गाडी तिथून पुढे सरकली की आप्पाशेठचा धंदा बसतो. चेहरा उतरतो, पाकीट आतल्या खिशात जातं, आणि नंदुरबारला चढलेल्या पहिल्या ओळखीच्या माणसाला ते सांगतात, “काय सांगू भो, लई मंदी.” कारण पुढे गाव आहे, गावात भाऊबंद आहेत, आणि भाऊबंदांना बोअर मारायची आहे, पोरीचं लग्न आहे, ट्रॅक्टरचा हप्ता थकला आहे. अपवाद एकच. ज्या घरी पुतण्यासाठी स्थळ बघायला जायचं असतं, त्या घराच्या उंबऱ्यावर धंदा पुन्हा डबल होतो. एका गावात दोन्ही प्रकारची माणसं एकाच ओट्यावर बसलेली निघाली. आप्पाशेठनी सबंध दुपार हवामानावर काढली.

मंदीचं सोंग करूनही ते परतताना हलकेच होऊन येतात, ते वेगळंच. कोणाला ना कोणाला काहीतरी देऊन आलेले असतात. डायरीत ते ‘गुंतवणूक’ या सदरात सापडतं.

त्यांना अमर बोस यांची गोष्ट मी सांगितली होती. आवाजाच्या दुनियेतलं एवढं मोठं नाव, वडील बंगाली क्रांतिकारक, स्वतः एमआयटीत प्राध्यापक. १९६४ साली कंपनी काढली. पहिला स्पीकर बाजारात चालला नाही, पण १९६८चा ९०१ चालला. कंपनी शेअर बाजारात कधी नेलीच नाही, नफा संशोधनात घालत राहिले, आणि २०११ साली बहुतांश शेअर आपल्या विद्यापीठाला देऊन टाकले. आप्पाशेठनी सगळं मन लावून ऐकलं. मला वाटलं, आता संशोधनाबद्दल काही विचारतील. ते म्हणाले, “म्हणजे यांना वर्षाची वाढ कोणाला सांगावीच लागत नव्हती?” मी म्हटलं, नव्हती. त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, “मग मजा काय राहिली?”

धंद्याला अडथळे नाहीत असं नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे नियम २००० सालापासून आहेत. आप्पाशेठना ते तोंडपाठ आहेत, आणि रात्री दहानंतर त्यांच्या खोलीतून माशीचा आवाज येत नाही, हे काकूही कबूल करतात. “५५ म्हणजे काय सर, आपण दोघं बोलतो तेवढं,” असं ते मला म्हणाले होते. मी म्हणणार होतो की साधी माणसं बोलतात तेवढं. आयुष्याची उमेदीची वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोलण्यात गेलेल्या माणसाचं बोलणं त्यात बसत नाही. २०१८च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ऐन गणपतीत डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा धुळ्या-नंदुरबारची गिऱ्हाइकं ॲडव्हान्स परत मागायला आली. आप्पाशेठनी सगळ्यांना परत केला, एकाचाही कापला नाही. त्या रात्री मी मुद्दाम भेटायला गेलो. मला बघताच चष्मा कपाळावर गेला, पण शब्द लगेच फुटला नाही. मग म्हणाले, “औंदा… पुढच्या साली डबल.”

धंद्याचा खरा आकडा एकाच ठिकाणी मिळतो, वहिनींच्या वहीत. ट्रान्सफॉर्मर वहिनी गुंडाळतात. स्वयंपाक उरकला की मशीनशी बसायचं, मोजणीच्या काट्यावर नजर ठेवायची, आणि तोंडाने समोरच्या काकूंशी बोलत राहायचं. एक वेढा इकडचा तिकडे होत नाही. तांब्याची तार किलोवर येते, आणि किती आली ते वहिनी मुलीच्या जुन्या वहीत मांडून ठेवतात. ट्रान्सफॉर्मरशिवाय ॲम्प्लिफायर नाही आणि तांब्याशिवाय ट्रान्सफॉर्मर नाही. तार एकदाच वापरली जाते, त्यामुळे एक डबा तीनदा विकण्याची सोय त्या वहीत नाही.

२०२१च्या दिवाळीत आप्पाशेठनी उलाढाल डबल झाल्याचे पेढे वाटले, तेव्हा वहिनींनी वही उघडली. किलो होते तेवढेच, एखाददुसरा इकडेतिकडे. मग डबल काय झालं? तांब्याचा भाव. मार्च २०२०मध्ये जागतिक बाजारात टनाला पाच हजार डॉलरच्या खाली गेलेलं तांबं मे २०२१मध्ये दहा हजारांच्या वर पोहोचलं होतं. तार महागली, म्हणून डबा महागला, म्हणून उलाढाल फुगली. हातात पडणारं होतं तिथेच. वहिनींना लंडनचा बाजार माहीत नव्हता, पण तारवाल्याचं बिल माहीत होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, “भाव डबल शे. धंदा शे तितलाच शे.” आणि पेढा घेतला. आप्पाशेठनी बोलणं ऐकलं नाही, कारण ते तेव्हा सेट तपासत होते.

त्याच वहीत आणखी एक नोंद मी पाहिली आहे. लॉकडाउनमध्ये त्यांच्याकडचे दोन कारागीर, एक ओडिशाचा आणि एक नंदुरबारचा, गावी अडकले होते. आप्पाशेठनी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला सगळ्यात मोठा सेट, जो विकायचा नाही म्हणून त्यावर खडूने लिहिलेलं होतं, तो अर्ध्या किमतीत काढला आणि दोघांना चार महिने पैसे धाडले. दोघंही परत आले. ओडिशाचा पोरगा आता अहिराणीत शिव्या देतो. मी हे आप्पाशेठजवळ काढलं तर ते घाईघाईने म्हणाले, “हां, त्या साली सुद्धा एक मोठी विक्री झाली होती.”

वहीतल्या किलोंवरून मीही एकदा बेरीज करून पाहिली. दहा वर्षांत तांबं वाढलंय. दुप्पट नाही, पण दीडपटीच्या जरा वर. वर्षाला चार-साडेचार टक्के पडतात. म्हणजे आरएमएस वाढ हीच. एका माणसाने तेवढ्यात दोन पोरींना शिकवलं, खोलीवर मजला चढवला, दोन कारागीर सांभाळले, गावाकडच्या चार घरांत पंप बसवून दिले आणि एका शाळेचा झेंडावंदनाचा आवाज फुकट चालू ठेवला. हा आकडा काही लॅमिनेट करून भिंतीला लावण्याजोगा नाही. मी त्यांना तो सांगितलाही नाही. चार टक्के ऐकले असते तर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नसतं.

बाकीचं सगळं अडकलंय ते बाहेर. आखाजीला देतो म्हणाले ते गणपतीवर गेले, गणपतीवाले दिवाळीवर, दिवाळीवाले फोन उचलत नाहीत. आप्पाशेठ मागायला जातात आणि त्या पोराचा जळालेला सेट दुरुस्त करून देऊन परत येतात. तेव्हा तुमच्या मंडळाने, तुमच्या भाच्याच्या डीजेने किंवा तुमच्या मंडपवाल्याने नवागामच्या खालच्या खोलीतून कधी माल उचलला असेल आणि पैसे द्यायचे राहिले असतील, तर या दिवाळीच्या आत चुकते करून टाका. पावती वहिनींकडून घ्या.